न्यू जर्सी की टेक्सास? (की आहे तिथेच बरं?)

लांबउडी

मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

एडिसनजवळ राहतो, ११ वर्षं झाली. आम्ही दोघं, मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत, शिवाय दरवर्षी एप्रिल ते सप्टेंबर आईबाबा. माझी कंपनी डॅलसच्या उत्तरेला ऑफिस वाढवतेय, प्लेनोला ये म्हणतात. पगार तोच, सामान हलवायचा खर्च त्यांचा, जूनपर्यंत उत्तर द्यायचंय. मी तयार आहे, बायको नाही, आणि गेले पंधरा दिवस जेवताना कोणी टेक्सासचा ट काढला तरी मुलं ताटं उचलून वर पळतात.

माझं गणित सरळ आहे. दोघांचं मिळून उत्पन्न २ लाख २० हजार, त्यावर जर्सीचा राज्य इन्कम टॅक्स साधारण ९ हजार जातो. टेक्सासात शून्य. इथल्या आमच्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स १२,४००, घर १९६८चं, बाथरूम दीड. प्लेनोजवळच्या फ्रिस्कोत त्याच पैशांत पाच बेडरूमचं नवं घर दिसतंय. मग अडतंय कुठे? दोन्हीकडे राहिलेल्यांनी खरं खरं लिहा. आयुष्य कुठे बरं आहे?

ओहायोकर

ओहायोला या. कोलंबसला. धागा बंद करा.

खडूस_काका

तीस वर्षं जर्सीत काढली, आमच्या गल्लीतून टेक्सासला गेलेली चार घरं मोजलीयेत. दोन परत आली. उरलेली दोन "खूप मजेत आहोत" असं दर आठवड्याला फोन करून सांगतात, त्यावरून काय ते समजा.

जर्सी महाग आहे, मान्य. २०२४ मध्ये राज्याचं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल १० हजार डॉलरच्या वर गेलं, देशात सगळ्यात जास्त. पण त्या बदल्यात काय मिळतं ते तुमच्या एक्सेलमध्ये नाही. शाळा चांगल्या, गावात लायब्ररी, तासाभरात न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, दीड तासात समुद्र, तेवढ्याच वेळात डोंगर. मुंबईचं थेट विमान नेवार्कहून, रात्री बसा की जेवून झोपा. आणि पेट्रोल भरायला गाडीतून उतरावं लागत नाही! स्वतः पेट्रोल भरायला बंदी असलेलं हे एकच राज्य उरलंय, १९४९चा कायदा आहे. जानेवारीत खिडकी चार बोटं खाली करून नुसतं "फिल इट, रेग्युलर" म्हणायचं. याला म्हणतात क्वालिटी ऑफ लाइफ.

शंभर_तोंडं

काका, डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे जायचं, हेही त्याच क्वालिटीत धरायचं का? जर्सीत नवीन असताना एका जगहँडलपायी तीन वेळा त्याच मॅट्रेसच्या दुकानासमोरून गेलो. चौथ्या वेळी मालकाने हात केला.

फ्रिस्कोची_पाहुणी

जर्सीत ८ वर्षं, आता फ्रिस्कोत ६, म्हणजे दोन्ही पाण्यांत बुडालेली आहे. आयडीत अजून पाहुणीच आहे, ते जाऊदे.

धागाकर्ते, तुमच्या हिशोबात मोठं भोक आहे. इन्कम टॅक्स शून्य म्हणजे टॅक्स शून्य नव्हे. सगळा भार घरावर येतो. फ्रिस्को शहराच्या हद्दीत एकूण दर पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पडतो. तुम्ही झिलोवर (घरांची साइट) बघताय ती नवीकोरी, स्वस्त वाटणारी घरं बहुतेक आणखी उत्तरेला असणार, आणि तिथे मड नाहीतर त्यासारखाच पिड लागतो. मड म्हणजे बिल्डरने माळरानावर पाणी-गटारं-रस्ते केले त्याच्या कर्जाचे हप्ते, घर घेणाऱ्यांच्या टॅक्समधून. ते धरून दर अडीच-पावणेतीनवर जातो. साडेसहा लाखाच्या घराला वर्षाला १६-१८ हजार! आम्ही घर बघायला गेलो तेव्हा सेल्सच्या बाईने ग्रॅनाइटवर वीस मिनिटं घालवली, मडबद्दल अवाक्षर नाही. शेजारच्या घराबाहेर गवत कापणाऱ्या एका तेलुगू काकांनी सांगितलं म्हणून वाचलो.

मग घराचा विमा. जर्सीत १,७०० भरत होते, इथे ४,८०० भरते. कारण गारा. लिंबाएवढ्या गारा पडतात हो, अतिशयोक्ती नाही. विम्यात गारांचं डिडक्टिबल वेगळं असतं, घराच्या विमा-रकमेच्या १-२ टक्के. म्हणजे छप्पर गेलं तर पहिले दहा-बारा हजार तुमचे.

एवढं सगळं लिहूनही मी परत जाणार नाही. का ते नंतर लिहिते, कुकर झालाय.

आकडेमोड

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, थोडी भर घालतो.

होमस्टेड एक्झेम्पशन धरा. राहत्या घराच्या किमतीतून शाळेच्या टॅक्ससाठी २०२३ मध्ये १ लाखाची सूट केली, आता ती १ लाख ४० हजार आहे. शिवाय राहत्या घराची टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण लक्षात ठेवा, १० टक्के ही काही लहान वाढ नाही.

सेल्स टॅक्स तिकडे ८.२५, इकडे ६.६२५, आणि जर्सीत कपड्यांवर काहीच नाही. वाढत्या वयाची दोन मुलं असताना याने फरक पडतो. दुसरं म्हणजे फेडरल रिटर्नमध्ये राज्याचे टॅक्स वजा करायची मर्यादा २०२५पासून १० हजारांवरून ४० हजार झालीये. तुमच्यासारख्या जर्सीकराला ९ आणि १२.४ मिळून एकवीसएक हजार आता धरता येतात, आधी निम्मे वाया जायचे. त्यामुळे तुमचा ९ हजारांचा फायदा कागदावर दिसतो तेवढा नाही. मड नसलेलं घर घेतलंत तर वर्षाला ३-४ हजार वाचतील, मड असलेलं घेतलंत तर उलट खिशातून जातील.

आणि कोणी ना कोणी लिहिणारच म्हणून आधीच लिहितो, जर्सी सोडताना एक्झिट टॅक्स लागतो ही अफवा आहे. घर विकताना राज्य सोडून जाणाऱ्याकडून नफ्यावरचा टॅक्स आगाऊ घेतात, इतकंच. राहतं घर असेल आणि नफा सवलतीत बसत असेल तर क्लोजिंगला एका फॉर्मवर खूण करायची, काही कापत नाहीत.

खडूस_काका

एक्झिट टॅक्सबद्दल मी लिहिणारच होतो :(

वैदर्भीय_वाघ

ह्युस्टनहून लिहितोय. मूळ नागपूरचा, त्यामुळे उन्हाचं मला काही वाटत नाही असं वाटत होतं. नागपूरचा मे एक महिना असतो हो, मग पाऊस येतो. इथे मे सप्टेंबरपर्यंत चालतो. डॅलसला २०११ साली १०० फॅरनहाइट किंवा त्याच्या वरचे ७१ दिवस झाले होते. ह्युस्टनला आकडा कमी पण दमटपणा असा की घराबाहेर पाऊल टाकलं की कोणीतरी ओला टॉवेल तोंडावर मारल्यासारखं होतं.

पण उन्हाचं रडगाणं नाही गात, थंडीचं सांगतो. फेब्रुवारी २०२१. टेक्सासची वीज बाकी देशापासून जवळपास वेगळी आहे, स्वतःची ग्रिड, केंद्राचे नियम नकोत म्हणून. गॅसच्या विहिरी गोठल्या, प्लँट बंद पडले, बाहेरून घ्यायची तर तारा पुरेशा नाहीत. आमच्याकडे अडीच दिवस वीज नव्हती. घरात ५ अंश, फॅरनहाइट नाही, सेल्सियस. माळ्यावरचा पाइप फुटून देवघराच्या बरोबर वर गळायला लागला, बायको म्हणाली चला अभिषेक झाला. तेव्हा हसलो पण लोक मेले, सरकारी आकडा २४६. त्यात बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेणारेही होते. ज्यांचा विजेचा प्लॅन घाऊक भावाला बांधलेला होता त्यांना युनिटला ९ डॉलर पडले, हजारोंची बिलं आली. मजा म्हणजे टेक्सासातच असलेलं एल पासो या ग्रिडवर नाही, तिथे दिवे लागलेले होते.

त्यानंतर प्लँटना थंडीची तयारी कायद्याने सक्तीची झाली, सोलर आणि बॅटऱ्या खूप लागल्या, तशी वेळ परत आलेली नाही. तरी जानेवारीत हवामानखात्याने तोंड उघडलं की आमच्याकडे बादल्या भरून ठेवतात. नागपूरची सवय उपयोगी पडली.

टपरीवरचा_चहा

जर्सीवाले फार हसू नका. सँडी वादळ २०१२, आमच्याकडे ९ दिवस वीज नव्हती आणि ती काही स्वतंत्र ग्रिड नव्हती. इडा १ सप्टेंबर २०२१, बेसमेंटमध्ये साडेतीन फूट पाणी. गणपती आठ-नऊ दिवसांवर होते, मखराचं सगळं सामान बेसमेंटमध्ये. त्या वर्षी आमचं विसर्जन आधी आणि स्थापना नंतर झाली.

शंभर_तोंडं

^^ दंडवत.

टेक्सासात निदान बेसमेंट नसतं, त्यामुळे बुडत नाही. वादळ आलं की जिन्याखालच्या कपाटात सगळं कुटुंब व्हॅक्युम क्लीनरसोबत बसतं. कुटुंब जवळ येतं.

फ्रिस्कोची_पाहुणी

कुकर उतरला. कपाटाचं खरंय, आमच्या कपाटात एक टॉर्च, दोन हेल्मेट आणि चिवड्याचा डबा कायम असतो.

तर का परत जाणार नाही. जर्सीत आमचा दिवस म्हणजे नवरा सकाळी ६:१०च्या ट्रेनला, रात्री ८ला घरी, मधे मी एकटी, शनिवारी कामं, रविवारी दमलेलो. इथे नवरा सव्वापाचला घरात असतो. मुलगा त्याच्याबरोबर क्रिकेट खेळतो, टर्फच्या विकेटवर, दिवे लावून. हा बदल टेक्सासमुळे झाला की नोकरी बदलल्यामुळे, प्रामाणिकपणे सांगायचं तर मला नाही माहीत, पण झाला.

दुसरं, माझ्या सासूबाईंचे गुडघे. जर्सीतल्या घरात सगळ्या बेडरूम वर, खाली फक्त अर्धं बाथरूम. सासूबाई सकाळी एकदा उतरायच्या ते रात्री चढायच्या, दुपारी सोफ्यावर अवघडून पडायच्या. इथल्या घरात खाली पूर्ण बेडरूम आहे, बाथरूमसकट.

पण एक वाईट गोष्ट त्याच सासूबाईंची. एडिसनला त्या ओक ट्री रोडवर एकट्या चालत जायच्या, भाजी घ्यायच्या, बाकावर गुजराती मैत्रिणी. इथे चालत जाऊन पोचावं असं ठिकाणच नाही. फ्रिस्कोत ट्रेन नाही, बस जवळपास नाही. सकाळी सहाला सोसायटीच्या तळ्याला चक्कर मारायची, मग दिवसभर एसी आणि मराठी मालिका. तीन महिन्यांत म्हणाल्या, तुरुंग फार सुंदर आहे गं.

नुसती_वाचक

पाच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिला प्रतिसाद. "तुरुंग फार सुंदर आहे गं" वाचून राहवलं नाही. ऑस्टिनला माझ्या आईचं अगदी हेच झालं. वर डिसेंबर ते फेब्रुवारी सीडर फीवर, म्हणजे परागांची ॲलर्जी, झाडावरून परागांचा धूर निघताना दिसतो, खरंच धूर. आईला वाटलं आग लागली, ९११ला फोन करत होती.

ओहायोकर

ओहायोत पराग कमी.

आकडेमोड

ओहायोत पराग भरपूर आहेत, मी सिनसिनाटीत शिकलोय.

मीठमिरची

कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते. मला दोन मुली आहेत, १४ आणि ११. गर्भपातावर टेक्सासात जवळपास पूर्ण बंदी आहे, आईच्या जिवावर बेतलं किंवा शरीराला गंभीर इजा होण्याचा धोका असला तरच अपवाद. यात डॉक्टर निर्णय घ्यायला कचरतात, गर्भपात नको असणाऱ्या, पोटातलं बाळ हवं असणाऱ्या बायकांच्या बाबतीतसुद्धा. आणि २०२१च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. शाळेच्या फुटबॉल मॅचला माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे काय आहे याचा मला विचार करायचा नाहीये. टॅक्स वाचतो म्हणून मुलींना घेऊन मी जाणार नाही.

शंभर_तोंडं

आता धागा पेटणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

सरळमार्गी

राजकारण आणायलाच पाहिजे का प्रत्येक धाग्यावर? माणसाने शाळा-घर विचारलंय. १५ वर्षं टेक्सासात आहे, एकदाही कोणाच्या हातात पिस्तूल पाहिलं नाही. शेजारी कट्टर इकडचे, तरी बर्फ पडला तेव्हा सूप घेऊन पहिले तेच आले.

मीठमिरची

शेजारी चांगले नसतात असं मी म्हटलंच नाही. आणि राजकारण कसलं? बाळंतपणात गुंतागुंत झाली तर हॉस्पिटलमध्ये काय होईल, हा घराच्या पाच बेडरूमपेक्षा राहणीमानाचा जास्त मोठा प्रश्न आहे. माझी बहीण तिकडे आहे. दुसऱ्या बाळंतपणात तिला सहा आठवडे बिनपगारी मिळाले. मला जर्सीत १२ आठवडे राज्याच्या फॅमिली लीव्हमधून पगाराचा मोठा हिस्सा मिळत होता, तो आपल्याच पगारातून थोडा थोडा कापून घेतात. टॅक्स टॅक्स म्हणून रडतो तेव्हा हे पण मोजा.

देखरेख

दोन्ही बाजू मांडून झाल्या. इथून पुढे या मुद्द्यावर व्यक्तिगत शेरे आल्यास प्रतिसाद उडवले जातील. बाकी चालू द्या.

टपरीवरचा_चहा

मुलगा आठवीत आहे ना? मग कॉलेज बघा. टेक्सासात हायस्कूलच्या वरच्या १० टक्क्यांत असलेल्या मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश, १९९७चा कायदा. पण यूटी ऑस्टिनला एवढी गर्दी की त्यांच्यासाठी तो आकडा ६ टक्के होता, २०२६च्या प्रवेशापासून ५. आणि विद्यापीठात थेट प्रवेश म्हणजे कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश नव्हे, ते वेगळं.

आता विचार करा, फ्रिस्को-प्लेनोच्या शाळेत पहिल्या पाच टक्क्यांत यायचं तर कोणाशी लढायचंय? आपल्याच पोरांशी. आमच्या मित्राचा मुलगा, सगळीकडे ए, तरी बाहेर. जरा लहान गावच्या शाळेत असता तर आरामात आत गेला असता.

खडूस_काका

जर्सीत रट्गर्स विद्यापीठ आहे, उत्तम आहे, पण जर्सीतल्या पालकांना ते कधीच पुरत नाही. मुलं दुसऱ्या राज्यात जातात आणि आपण दुप्पट फी भरतो. हा आमचा खरा एक्झिट टॅक्स.

स्पर्धेचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखीच. आमच्याकडे सातवीतली पोरं काउंटीच्या अकॅडमीच्या परीक्षेला क्लास लावतात. जेईई सोडून आलो आणि इथे तेच बांधलं.

वैदर्भीय_वाघ

टेक्सासात निदान फुटबॉल आहे. डॅलसजवळच्या ॲलनला एका हायस्कूलचं स्टेडियम १८ हजार लोकांचं आहे, ६ कोटी डॉलर लागले. २०१२ मध्ये उघडलं, दोन वर्षांत तडे गेले म्हणून बंद, मग दुरुस्त करून परत चालू. आपल्याकडच्या पुलांची आठवण आली.

सरळमार्गी

मुलाबद्दल आणखी एक. इथे १६ला लायसन्स मिळतं, जर्सीत १७ला. फ्रिस्कोत गाडीशिवाय तो कुठेच जाऊ शकणार नाही, म्हणजे तिसरी गाडी आणि १६ वर्षांच्या पोराचा विमा हेही एक्सेलमध्ये टाका.

मीठमिरची

जर्सीत १७च्या पोराच्या नंबरप्लेटला नवशिक्याचा लाल स्टिकर लावायचा. माझा भाचा गल्लीत वळला की काढून खिशात टाकायचा.

एक_प्रश्न

धागाकर्ते, तुमचं ग्रीन कार्ड झालंय का? कोणी विचारलंच नाही.

लांबउडी

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. आकडेमोड, तुमचा हिशोब बायकोला दाखवला, ती म्हणाली "बघ", मग तासभर काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

ग्रीन कार्ड नाही. एच-वन व्हिसा, आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर, रांगेत, आपलं नेहमीचं. कंपनी तीच आहे त्यामुळे काही प्रश्न नसावा?

एक_प्रश्न

आहे ना! पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कामगारखात्याची मंजुरी, ठरावीक भागातल्या नोकरीसाठी असतं. एडिसनहून प्लेनोला कायमची जागा बदलली तर एच-वनची अमेंडमेंट करावीच लागेल, आणि पर्म बहुधा नव्याने. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा, हातून जात नाही, एवढं बरं. पण ऑफर लेटरवर सही करायच्या आधी नवं पर्म कधी सुरू करणार हे कंपनीकडून लिहून घ्या. तोंडी नाही. माझ्या नवऱ्याला "येस येस, ऑफकोर्स" म्हणाले होते, त्या ऑफकोर्सला चौदा महिने लागले.

आकडेमोड

हा अख्ख्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

नुसती_वाचक

अवांतर: टेक्सासात कढीपत्ता बाहेर जगतो का? ऑस्टिनला माझा २०२१च्या थंडीत गेला, तेव्हापासून हिंमत नाही केली.

वैदर्भीय_वाघ

ह्युस्टनला झाड झालंय, छपराला लागलं. त्या वर्षी वरून पूर्ण जळालं, मुळापासून परत फुटलं. शेजारचे चार घरं फोडणीच्या वेळेला आमच्याकडे येतात.

खडूस_काका

आमची कुंडी २२ वर्षांची. ऑक्टोबरात आत, मे महिन्यात बाहेर. पाठ धरते पण मुलांपेक्षा जास्त वेळ सोबत राहिलीये.

फ्रिस्कोची_पाहुणी

डॅलसला कुंडीतच ठेवावा लागतो, थंडीत गॅरेजमध्ये. आणि कढीपत्त्याबरोबर घराच्या पायालाही पाणी घालायचं! खोटं नाही. इथली चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, पाया हलतो, भिंतीला तडे जातात. म्हणून घराभोवती झिरपणारा पाइप लावून मातीला पाणी देत राहायचं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, झाडं वाळतायत आणि तू भिंतीला पाणी घालतेस?

ओहायोकर

ओहायोत माती घट्ट आहे.

शंभर_तोंडं

ओहायोकर, तुम्हाला तिथलं टुरिझम खातं किती देतं?

लांबउडी

अपडेट. (तीन आठवड्यांनी आलोय, माफी.)

सगळ्यांनी ऑगस्टमध्ये जाऊन बघा म्हणून व्यनि (खाजगी निरोप) केले, पण शाळेची सुट्टी एप्रिलची, म्हणून एप्रिलमध्ये गेलो. रस्त्याच्या कडेला ब्लूबॉनेटची निळी फुलं, हवा अशी की महाबळेश्वर. बायको गाडी थांबवून फोटो काढत होती, मी मनात म्हटलं जिंकलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आभाळ हिरवं झालं, हिरवं! मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दहा मिनिटं गारा. भाड्याच्या गाडीचं बॉनेट इडलीपात्रासारखं झालं. परत द्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने वर न बघता फॉर्म पुढे सरकवला, म्हणाली आज तुम्ही अकरावे.

बकीजला, म्हणजे हायवेवरच्या अवाढव्य पेट्रोलपंपाला गेलो. एवढा स्वच्छ संडास हायवेवर मी जन्मात पाहिला नव्हता. मुलगा म्हणतो इथेच राहू.

घरं फ्रिस्कोत आणि त्याच्या वर बघितली. नवी, प्रचंड, झाड एकही नाही, जे आहे ते काठीला बांधलेलं. बायको प्रत्येक घरात शिरून काय बघत होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ती खालची बेडरूम बघत होती. बाबांचा उजवा गुडघा गेलाय, यंदा आमच्या जिन्यावर ते दोनदा बसून राहिले, मी ऑफिसात होतो, मला कोणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली तुझ्या नऊ हजारांसाठी मी येणार नाही, पण यासाठी येईन, आणि चालत जाता येईल अशा ठिकाणी. पाहुणीताईंच्या सासूबाईंचं वाक्य तिने स्क्रीनशॉट काढून ठेवलंय.

म्हणून फ्रिस्को रद्द. जुन्या प्लेनोत एक घर भाड्याने मिळतंय, १९८०च्या आसपासचं, एकमजली, दारात ओकची झाडं, लायब्ररी आणि वाण्याचं दुकान चालत दहा मिनिटं, ट्रेनचं स्टेशन पण फार लांब नाही. एक वर्ष भाड्याने राहायचं, जर्सीचं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. मीठमिरची, तुमचा मुद्दा बायकोने बोलून दाखवला, मुलगी मोठी होईपर्यंत काय ते बघू असं म्हणण्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही. वकिलाने पर्म नव्याने लागेल असंच सांगितलं. कंपनीने कधी सुरू करणार ते लिहून दिलं तरच सही, अजून दिलेलं नाही.

आकडेमोड

जर्सीच्या घराच्या भाड्यावर जर्सीला टॅक्स भरावा लागेल, टेक्सासात गेलात तरी. आणि विकायचं ठरलंच तर बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत विका, मागच्या पाचातली दोन वर्षं राहिल्याची अट मोडू देऊ नका.

खडूस_काका

म्हणजे पाचवं घर गेलं. बरं, कढीपत्ता असेल तर गाडीत कुंडी टाकून घेऊन जा हो, तिकडे लगेच मिळत नाही.

लांबउडी

आहे ना, आईने लावलेला, चार फूट झालाय. ट्रकवाले झाडं घेत नाहीत म्हणाले, म्हणून मागच्या सीटवरच ठेवणार होतो.

एक_प्रश्न

थांबा! कढीपत्ता लिंबाच्या कुळातला आहे. त्याच्यावर बसणारा किडा संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावतो, म्हणून ही झाडं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंधनं आहेत. आधी शेतीखात्याला विचारा, नाहीतर माणसांची कागदपत्रं ठीक आणि कढीपत्त्याची नाहीत असं व्हायचं.

फ्रिस्कोची_पाहुणी

तिथेच काकांना देऊन या, त्यांची कुंडी म्हातारी झालीये, सोबत होईल. आईंना सांगा, प्लेनोत आलात की रोप माझ्याकडून. दोन तयार आहेत, एक तुमचं. सासूबाईही येतील भेटायला, त्यांना चालत जायला एक घर हवंच होतं, गाडीने नेऊन सोडावं लागलं तरी.

ओहायोकर

ओहायोत कढीपत्ता बाहेर जगत नाही. हे एक मान्य.